माज, ताठा वगैरे

माझ्याविषयी लोक काय बोलतात याची मी कधी चौकशी करत नाही. चांगले बोलत असतील तर ते आपल्यापर्यंत पोचत नाही आणि वाईट बोलत असतील तर ते पोचवायला माणसे आपणहून घरी येतात, असा अनुभव आहे. गेल्या दिवाळीच्या आधी मात्र हा मजकूर मला मध्यस्थाशिवाय, थेट मिळाला. इमारतीच्या रंगकामाची वर्गणी गोळा करायला सोसायटीची मंडळी फिरत होती. मी दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होतो. गुडघ्यांच्या सल्ल्यावरून मी हल्ली दर सहा पायऱ्यांनी थांबतो. असा थांबलेलो असताना वरून आवाज आला, "तिसऱ्या मजल्यावरचे ते? त्यांच्याकडे शेवटी जाऊ. फार शिष्ट माणूस आहे हो!"

तिसऱ्या मजल्यावर तीन बिऱ्हाडे आहेत. एकाला दोन वर्षे कुलूप आहे. दुसऱ्यात तीन नर्सबाई राहतात. उरलेला 'माणूस' मीच.

घरात शिरल्याशिरल्या मी हिला म्हणालो, "लोक मला शिष्ट म्हणतात."

"मग? आजच कळलं?" ही मटार सोलत होती. मान वर करण्याइतकी ती बातमी तिला नवी वाटली नाही.

निवृत्त माणसाचा अपमान झाला की त्याला दोनच मार्ग असतात. एक तर वर्तमानपत्राला पत्र लिहायचे, नाही तर कोश काढायचा. मी कोश काढला. आमच्याकडे मोल्सवर्थसाहेब आहेत, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीची नक्कल. शिवाय दाते आणि कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत काढलेल्या महाराष्ट्र शब्दकोशाचे चार खंड आहेत. बाकीचे तीन कोणी नेले ते मला माहीत आहे, पण मी शिष्ट असल्यामुळे मागत नाही. आता हे सगळे मोबाइलवर फुकट मिळते असे नातू सांगतो. मिळत असेल. पण मोबाइल घेऊन बसलेल्या माणसाकडे पाहून याचा अपमान झाला आहे असे घरच्यांना वाटत नाही. त्यासाठी मांडीवर खंडच लागतो.

'शिष्ट' हा शब्द घराण्याने फार थोर निघाला. 'शास्' म्हणजे शिकवणे, वळण लावणे. शिष्य, शास्त्र, शासन ही सगळी त्याची सख्खी भावंडे. शिष्ट म्हणजे ज्याला चांगले वळण लागले आहे तो. पतंजलीने महाभाष्यात शिष्ट कोणाला म्हणावे हेसुद्धा सांगून ठेवले आहे. त्यातले एक लक्षण असे, की त्याच्या घरी मडकेभर धान्य असते, त्याहून अधिक साठा नसतो आणि त्याला लोभ नसतो. हे मी हिला मोठ्याने वाचून दाखवले.

"आपल्याकडे दोन डबे नुसता आंबेमोहोर आहे," ही म्हणाली. "आणि वर्गणी किती देणार आहात ते आधी ठरवा."

मराठीने या शब्दाचे काय केले ते बघण्यासारखे आहे. शिष्टाचार चांगला. शिष्टमंडळ तर इतके चांगले की त्याला मंत्री भेटतात. पण नुसता 'शिष्ट', तोही जिन्यात उच्चारलेला, म्हणजे नाकाने कांदे सोलणारा. दोन हजार वर्षे वळण लागलेली माणसे जवळून पाहिल्यावर लोकांनी कोशात परस्पर केलेली ही दुरुस्ती असावी. 'आढ्य' या शब्दाचेही तेच झाले. संस्कृतात आढ्य म्हणजे श्रीमंत. मराठीत श्रीमंती कुठल्या कुठे गेली आणि आढ्यता तेवढी मागे राहिली. अशी घरेही मी पाहिली आहेत. वाड्याच्या तीन भिंती पडलेल्या, आणि चौथीला टेकून मालक पाहुण्याला बसायला सांगायचे की नाही याचा विचार करत आहेत.

एकदा कोश उघडला की तो मिटत नाही. शेंगदाण्यांसारखेच आहे ते. मी पुढचे आठ दिवस गर्वाच्या सगळ्या खानदानाची विचारपूस करत बसलो. शिवाजीमहाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले; पण या खात्यातले परदेशी पाहुणे कोणाच्यानेही हलले नाहीत. 'मिजास' घ्या. अरबीत मिजाज म्हणजे मिश्रण. शरीरात चार रस असतात, त्यांचे ज्याचे त्याचे मिश्रण म्हणजे त्याचा मिजाज, असे हकीम मानत. लखनौकडे अजूनही कोणी भेटले की अदबीने मिजाजाची विचारपूस करतात. आपल्याकडे त्या मिश्रणातला एकच रस शिल्लक राहिला आणि कोणी आपल्या मिजाशीची चौकशी केली तर ती भांडणाची सुरुवात असते. 'दिमाख' म्हणजे मुळात मेंदू. यावर मी काही बोलत नाही; लग्नाच्या पत्रिकांत 'दिमाखदार सोहळा' हे शब्द वाचले की माझे म्हणणे आपोआप लक्षात येईल.

'मग्रूर' या शब्दाने मात्र मला जरा गप्प केले. अरबीत त्याचा अर्थ फसवला गेलेला. गर्विष्ठ हा नंतरचा अर्थ. आधी तो बिचारा फसलेला आहे. कोणी फसवले, हे त्या शब्दात सांगितलेले नाही.

आणि दर्प. दर्प म्हणजे गर्व, आणि तो ज्याच्यामुळे चढतो ते दर्पण. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये पहिल्या मराठी वर्तमानपत्राला हे नाव दिले तेव्हा त्यांच्या मनात काचेचा स्वच्छपणा असणार. पण हे नाव ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांना न्हाणीघरातल्या आरशासमोर उभा राहणारा माणूस चांगला ठाऊक होता. मराठीत दर्पाला आणखी एक अर्थ आला, उग्र वास. लसणाचा दर्प, फिनेलचा दर्प. हा अर्थ ज्याने कोणी रूढ केला त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. कारण दर्प ज्याचा असतो त्याला तो येत नाही. शेजारच्याला येतो.

आता तुम्ही म्हणाल, अहंकाराचे काय? अहंकार हा शब्द खरे तर शिवी नव्हेच. सांख्यांच्या हिशेबात तो सृष्टीचा एक टप्पा आहे. प्रकृतीतून बुद्धी, बुद्धीतून अहंकार, आणि अहंकारातून पुढे डोळे, कान, हात, पाय. म्हणजे अहंकार नसता तर मला कान नसते आणि जिन्यातले ते वाक्य ऐकूच आले नसते. पुढे संतांनी आणि कीर्तनकारांनी तो टाकून द्या म्हणून सांगितले. कुठे टाकायचा हे सांगितले नाही, म्हणून बहुतेकांनी तो शेजारच्याच्या दारात टाकला.

शाळेत वक्तृत्वाच्या स्पर्धेत आम्ही एक वाक्य हमखास फेकत असू. स्वाभिमान असावा, अभिमान असावा, दुरभिमान नसावा, गर्व तर मुळीच नसावा! टाळ्या पडत. जणू एकच औषध आहे, आणि कंपाउंडरने बाटलीला चिकटवलेल्या कागदी पट्टीवर खुणा आहेत. दुसऱ्या खुणेपर्यंत घेतले तर प्रकृती सुधारते आणि तिसरीला माणूस दगावतो. पण ती पट्टी कापतो कोण, चिकटवतो कोण, हे आम्हांला गुरुजींनी विचारले नाही आणि आम्हांला सुचले नाही. मला ते सुचायला साठी उलटावी लागली, तेही कोशामुळे नव्हे.

कचेरीत मी अडतीस वर्षे काढली. आमचे एक साहेब होते. फाइल घेऊन समोर उभे राहिले तर पाच-पाच मिनिटे मान वर करत नसत. आम्ही बाहेर येऊन म्हणायचो, "करारी माणूस!" दुसरे एक विद्वान होते. आपल्याहून कमी शिकलेल्याच्या नमस्काराला ते उत्तर देत नसत. त्यांना आम्ही विक्षिप्त म्हणत असू, आणि त्यातही कौतुकच असे. आणि एक शिपाई होता. त्याने एकदा साहेबांच्या घरची भाजी आणायला नकार दिला. "ऑफिसचं काम सांगा, साहेब," एवढेच म्हणाला. संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर एकच वाक्य फिरत होते, "लेकाला माज आलाय." ते फिरवणाऱ्यांत मी होतो. साहेबांची भाजी मीही आणली होती, दोनदा. एकदा सुरण.

हे सगळे आठवले ते 'मुजोर' शब्दामुळे. मुजोर म्हणजे मुँहजोर, तोंडाचा जोर असलेला. आता आपल्याला वाटते की हा फार बोलणारा, उलट उत्तर देणारा. पण हिंदीत मुँहजोर म्हणतात ते घोड्याला. तोंडातला लगाम न मानणाऱ्या घोड्याला. म्हणजे हा शब्द काही घोड्याने केलेला नाही. तो स्वाराने केलेला आहे.

आणि माज तर सरळ गोठ्यातून आला. संस्कृत मद, त्यातून आपले माजणे. गुरांच्या बाबतीत माज हा दोषच नव्हे. गाय साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते आणि दिवसभराच्या आत तो ओसरतो. शेतकरी कॅलेंडरवर खूण करतो, डॉक्टरला बोलावतो. कोणी गाईला नावे ठेवत नाही. नंतर मी वहीत दोन रकाने पाडले. एका बाजूला शिष्ट, आढ्य, दिमाख, दर्प. हे शब्द आले शिक्षणातून, पैशातून, मेंदूतून, आरशातून. दुसऱ्या बाजूला माज, मुजोर, शिंगे फुटणे, दावे तोडणे, उधळणे. हे सगळे आले गोठ्यातून आणि तबेल्यातून. पहिल्या रकान्यातले शब्द आपण मान वर करून बोलतो, दुसऱ्यातले खाली बघून. पैशाचा माज, सत्तेचा माज असेही म्हणतात, हे मला कबूल आहे. पण तिथे कशाचा ते सांगावे लागते. शिपायाचा माज नुसताच माज असतो. कशाचा, असे कोणी विचारतसुद्धा नाही.

आता मुद्द्यावर येतो. मघापासून टाळतो आहे.

आमच्याकडे भांडी आणि केरफरशीला येणाऱ्या मावशी नऊ वर्षे येतात. आम्ही त्यांना मावशी म्हणतो आणि अहोजाहो करतो. आदरार्थी बहुवचनाला खर्च येत नाही. भांडी झाली की ही त्यांना चहा देते. म्हणजे देत असे. गेल्या पावसाळ्यात एक दिवस मावशी म्हणाल्या, "चहा नको, काकू."

"का हो? बरं नाही का?"

"बरंय की."

दुसऱ्या दिवशीही नको. तिसऱ्या दिवशीही नको. चौथ्या दिवशी त्यांनी महिन्याला दोन सुट्ट्या मागितल्या. "दोन दिवसांचे खाडे धरायचे नाहीत," असे म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पदर कमरेला खोचलेला होता तसाच होता. त्या गेल्यावर मी वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणालो, "माज चढलाय, दुसरं काही नाही. चहा नको काय, खाडे नको काय!" हिने मान डोलावली. आमचे इतक्या चटकन एकमत सहसा होत नाही.

त्यानंतर दिवाळी आली, जिन्यातले ते वाक्य आले, आणि मी कोशात बुडालो. मार्गशीर्षात ही आपल्या बहिणीकडे नाशिकला गेली, पाच दिवसांसाठी. सकाळी चहा मी केला. दोन कप पाणी ठेवले, आले किसले, आणि एकदम उदार होऊन ठरवले की मावशींना आपण स्वतः चहा द्यायचा. मी शिष्ट नाही हे निदान एका माणसाला तरी पटवावे, असा त्यात हिशेब होता. पण मावशींचा कप सापडेना. शेवटी नाशिकला फोन लावला.

"मावशींचा कप कुठंय?"

"खिडकीत. फिनेलच्या बाटलीमागे."

होता तिथे. आमच्या लग्नात कोणीतरी सहा कपांचा संच दिला होता. पाच केव्हाच फुटले. याचा फक्त कान तुटला आणि कडेला तपकिरी चीर पडली, म्हणून हा निवृत्त होऊन या खात्यात आला. आजीच्या काळी या प्रकाराला सोवळे म्हणत. आम्ही सुधारलेले, आम्ही हायजिन म्हणतो. मी कप नाकाशी नेला. दर्प होता. फिनेलचा.

मी हा कप नऊ वर्षांत पाहिलाच नव्हता, असे इथे लिहिणार होतो. पण ते खोटे होईल. पाहिला होता. रोज पाहिला होता. खटकला नव्हता, एवढेच. आमच्या घरात माझ्या सख्ख्या मावशीला कोणी कान तुटलेल्या कपात चहा दिला असता तर मी भांडलो असतो. त्या तर चहाला बशीसुद्धा कमी पडली की रुसत.

ओट्याशी उभा असताना मला पावसाळ्यातला तो आदला दिवस आठवला. मोरीचा नळ गळत होता म्हणून प्लंबर आला होता. जेमतेम विशीतला पोरगा, पहिल्यांदाच आलेला. हिने त्याला निळ्या फुलांच्या कपात चहा दिला, बशीसकट. त्याच ओट्यावर मावशींचा कप होता. तो पोरगा उठून कप धुवायला निघाला, तर मीच म्हणालो, "राहू द्या हो, मावशी घासतील." त्यांनी घासला. मग आपला चहा प्यायल्या. तो शेवटचा.

ग्रीकांच्या 'ह्युब्रिस'विषयी आपण वाचतो ते नाटकांच्या संदर्भात. नायक फार चढतो आणि मग पडतो. मलाही गर्वाचे घर खाली याच्यापलीकडे त्यात काही दिसले नव्हते. पण अथेन्समध्ये ह्युब्रिस हा कायद्याने गुन्हा होता. त्याचा खटला भरता येत असे, आणि अपमान गुलामाचा झाला असला तरी तो गुन्हाच धरत. अॅरिस्टॉटलने त्याची फोड केली आहे: स्वतःचा काही फायदा नसताना, नुसते वरचढ वाटावे म्हणून दुसऱ्याला लाज आणणे. म्हणजे गर्व हा मनात काय आहे यावरून ठरवायचा नाही. दुसऱ्याशी काय केले यावरून ठरवायचा. मनाचे म्हणाल तर माझे मन साफ होते. त्या कपाविषयी माझ्या मनात कधीही काहीही आले नव्हते. इंग्रजीतल्या 'अॅरोगन्स'च्या मुळाशी लॅटिन शब्द आहे तो मागण्याचा. जे आपले नाही ते आपल्यासाठी मागून घेणे म्हणजे अॅरोगन्स. मावशींनी दोन सुट्ट्या मागितल्या होत्या. त्या त्यांच्या नव्हत्या, हे मी कशावरून ठरवले होते? पट्टी माझ्या हातात होती, इतकेच कारण सापडते.

मी चहा निळ्या फुलांच्या दोन कपांत ओतला. बश्या शोधून काढल्या. "मावशी, चहा घ्या," म्हणालो. मावशींनी हात पुसले, कपाकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्या हसल्या असत्या किंवा रागावल्या असत्या तर हा लेख लिहायला मला सोपे गेले असते.

"सवय मोडली, काका," त्या म्हणाल्या. "आता पित्त होतं." आणि केरसुणी घेऊन बाहेरच्या खोलीत गेल्या.

दोन्ही कप मीच प्यायलो. कानाचा तो कप कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला. महिनाअखेरीला सुट्ट्यांचे पैसे कापले नाहीत, तेव्हा मावशी नोटा मोजून म्हणाल्या, "समोरच्या इमारतीत चार देतात." खरे असावे. मी चार केल्या. ही आल्यावर सांगू म्हटले.

ही नाशिकहून आली ती रात्री. सकाळी खिडकी पुसताना म्हणाली, "इथला कप?"

"टाकला."

हिने बाटली पुसून परत जागेवर ठेवली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही दिलात का चहा?"

"दिला."

"कुठल्या कपात?"

"निळ्या."

"आणि?"

"नको म्हणाल्या."

"तरीसुद्धा?" हिने काहीतरी म्हणायला तोंड उघडले. कुठला शब्द ओठांवर आला होता ते मला कळले. पावसाळ्यात तो मीच घरात आणला होता. पण तेवढ्यात दार वाजले. मावशी आल्या होत्या. ही म्हणाली, "या," आणि मोरीतली भांडी त्यांच्यासाठी पुढे सरकवायला लागली.